गोळ्या एकाने घ्यायच्या आणि प्रतिरोध साऱ्या वस्तीत पसरायचा, हे नेमके घडते कसे?

वाटसरू

प्रतिजैविकांच्या अतिवापरामुळे जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात, हे विधान इतक्या वेळा कानावर पडले आहे की त्यावर प्रश्न विचारायलाही संकोच वाटतो. तरीही त्यातला मधला दुवा मला नीट समजलेला नाही. समजा, माझा घसा दुखू लागला, ताप आला, डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, मी त्या घेतल्या आणि बरा झालो. घशातले जिवाणू मेले, विषय संपला. मग मला कधी न भेटलेल्या कोणाच्या तरी मूत्रमार्गाच्या संसर्गावर सहा महिन्यांनी औषध लागू पडले नाही, तर त्याचा माझ्या गोळ्यांशी संबंध कसा जोडायचा?

माझे मत असे की प्रतिरोधाचा खरा उगम मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत आहे आणि घरी बसून गोळ्या घेणाऱ्या माणसावर खापर फोडणे सोयीचे असल्यामुळे ते फोडले जाते. हे मत कोणाला पटत नसेल तर त्यांनी ते अवश्य खोडून काढावे. दुसरा प्रश्न असा की उद्या सगळ्यांनी वापर निम्म्यावर आणला तर प्रतिरोधही निम्म्यावर येईल का? उपदेश पुष्कळ वाचला आहे; पुरावा कोणाला ठाऊक असेल तर तो वाचायला आवडेल.

मृद्गंध

उत्तम विषय. सध्या केवळ वाचनखूण साठवून ठेवत आहे, कारण जाणकार आल्याशिवाय यात तोंड घालण्यात अर्थ नाही.

औदुंबर

जाणकार येईपर्यंत अजाणकारांनी किल्ला लढवायचा असतो, म्हणून लिहितो. वारंवार गोळ्या घेतल्या की शरीराला त्यांची सवय होते आणि मग त्या लागू पडत नाहीत, एवढे साधे आहे. माझ्या एका आप्ताला कोणतेही प्रतिजैविक आता चालत नाही, असे तो स्वतःच सांगतो. पण ही सवय त्याच्या शरीरापुरती आहे. ती शेजाऱ्याला कशी लागेल? त्यामुळे वाटसरूंच्या शंकेशी मी सहमत आहे.

पेट्रीबशी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारावर लिहिते. औदुंबर, सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जिवाणू, आणि तेही औषध पाहून शिकत नाहीत. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर हल्ला करणारे विषाणू वापरून दाखवून दिले की तग धरणारे जिवाणू हल्ल्याच्या आधीपासूनच गर्दीत असतात. पुढे १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी हे आणखी सुबक रीतीने दाखवले. एका बशीवर वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहतींचा ठसा त्यांनी मखमलीच्या तुकड्यावर घेतला आणि तो औषध घातलेल्या बशांवर उमटवला. प्रत्येक बशीत त्याच त्याच जागी वसाहती वाढल्या. म्हणजे प्रतिरोधक वंशज मूळ बशीत, औषधाशी गाठ पडण्यापूर्वीच, होते. औषध फक्त बाकीच्यांना बाजूला करते.

आता वाटसरूंचा घसा. आपण गोळी गिळतो तेव्हा ती केवळ घशात जात नाही. रक्तातून ती त्वचेपर्यंत, नाकाच्या अस्तरापर्यंत आणि मुख्य म्हणजे आतड्यापर्यंत पोहोचते. आतड्यात कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणू असतात, ज्यांचा त्या घशाच्या दुखण्याशी काहीही संबंध नसतो. पाच दिवस त्या सगळ्यांवर औषधाचा मारा होतो. नाजूक तेवढे मरतात आणि मूठभर प्रतिरोधकांना मोकळे रान मिळते. त्यांत ई. कोलाय असतात, आणि मूत्रमार्गाचे बहुतांश संसर्ग आतड्यातल्या ई. कोलायमुळेच होतात. ते मलावाटे बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवरून व दूषित पाण्यातून दुसऱ्याच्या आतड्यात जातात. तिथे ते महिनोन्‌महिने कोणताही त्रास न देता राहू शकतात. ज्याच्या आतड्यात ते बसले आहेत त्याने स्वतः एकही गोळी घेतलेली नसते. सहा महिन्यांनी त्याला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तर तो याच जिवाणूंमुळे होऊ शकतो.

याहून वाईट भाग प्लाझ्मिडचा आहे. डीएनएची ही छोटी वर्तुळे एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीचे शिगेला जिवाणू एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देईनात, तेव्हा तिथल्या संशोधकांना आढळले की हा सगळा संच आतड्यातल्या ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात एकगठ्ठा इकडून तिकडे जातो. त्यामुळे ‘माझ्या रोगाचे जिवाणू मेले, विषय संपला’ हे गृहीतक टिकत नाही. तुमच्या गोळ्यांचा मोठा परिणाम तुमच्या रोगाशी संबंध नसलेल्या जिवाणूंवरच होतो.

मृद्गंध

मखमलीचा प्रयोग प्रथमच वाचला. फारच सुंदर.

औदुंबर

माझ्या आप्ताला हे वाचून दाखवले. त्याचे म्हणणे असे की सवय जिवाणूंना असो की त्याला, गोळी चालत नाही हे खरेच. या युक्तिवादापुढे मी निरुत्तर आहे.

वाटसरू

पेट्रीबशी, यंत्रणा समजली, आभार. पण असे घडू ‘शकते’ आणि असे मोजण्याइतके घडते, यांत अंतर आहे. पाच दिवसांच्या गोळ्यांचा असा परिणाम माणसांमध्ये कोणी मोजला आहे का, आणि तो किती काळ टिकतो?

आकडेमोड

मोजला आहे. २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका बेल्जियन अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांपैकी काहींना ॲझिथ्रोमायसिन, काहींना क्लॅरिथ्रोमायसिन आणि काहींना औषधविरहित गोळी दिली गेली. कोणाला काय मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. औषध घेतलेल्यांच्या घशातील स्ट्रेप्टोकोकसांमध्ये प्रतिरोधकांचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि सहा महिन्यांनंतरही ते औषधविरहित गटापेक्षा जास्त होते. कार्यकारणाचा याहून थेट पुरावा मिळणे अवघड आहे. ॲझिथ्रोमायसिन शरीरातून निम्मे बाहेर पडायला अडीच-तीन दिवस लागतात. त्यामुळे शेवटच्या गोळीनंतरही कित्येक दिवस ते अल्प प्रमाणात रेंगाळते, आणि असे अल्प प्रमाण प्रतिरोधकांच्या पथ्यावर पडते.

२०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. दवाखान्यात लिहून दिलेल्या प्रतिजैविकानंतर त्या व्यक्तीत प्रतिरोधक जिवाणू सापडण्याची शक्यता पहिल्या महिन्यात सर्वाधिक असते आणि हा परिणाम बारा महिन्यांपर्यंत टिकू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मूत्रमार्गातील जिवाणूंच्या बाबतीत ही शक्यता औषध न घेतलेल्यांच्या तुलनेत पहिल्या दोन महिन्यांत सुमारे अडीच पट होती, आणि वर्षभराचा विचार करता सुमारे १.३ पट.

देशांच्या पातळीवर पाहायचे तर २००५ चा लॅन्सेटमधील युरोपीय अभ्यास सर्वपरिचित आहे. २००२ मध्ये रुग्णालयाबाहेरचा वापर फ्रान्समध्ये दर हजार लोकांमागे दररोज ३२.२ प्रमाणित मात्रा (म्हणजे एका प्रौढाची ठरावीक दैनंदिन मात्रा) इतका होता आणि नेदरलँड्समध्ये १०.०. ज्या देशांत वापर जास्त, तिथे प्रतिरोधही जास्त, असे त्यात स्पष्ट दिसले. आणि अतिदक्षता विभागाच्या मुद्द्याबद्दल सांगायचे तर युरोपात माणसांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी सुमारे नव्वद टक्के रुग्णालयाबाहेर घेतली जातात. अतिदक्षता विभागात प्रतिरोध एकवटलेला दिसतो, कारण सर्वांत आजारी रुग्ण, सर्वांत प्रबळ औषधे आणि सर्वाधिक चाचण्या तिथे असतात. पण रुग्ण आत येताना आपल्या आतड्यातले जिवाणू घेऊनच येतो.

कुंपणावरचा

आकडेमोड यांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे नेटका आहे, परंतु युरोपातील देशांवरून काढलेला निष्कर्ष जगाला लावण्यात मला अडचण दिसते. तिथे बहुतेक ठिकाणी शुद्ध पाणी आणि मलनिस्सारण यांची सोय आहे, म्हणून देशादेशांमधला फरक वापराच्या आकड्यांत उठून दिसतो. २०१८ मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमध्ये कॉलिग्नन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा प्रतिजैविकांचा दरडोई वापर आणि प्रतिरोध यांच्यात लक्षणीय संबंध आढळला नाही. पायाभूत सुविधा चांगल्या आणि कारभार स्वच्छ असलेल्या ठिकाणी मात्र प्रतिरोध कमी आढळला. याचा अर्थ, एखादा देश गोळ्या कमी खात असेल पण सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत असेल, तर त्याला कमी वापराचा फारसा लाभ मिळत नाही. म्हणून वाटसरूंच्या मूळ तक्रारीत तथ्य आहे, असे मी म्हणेन. व्यक्तीला दोष देणे स्वस्त पडते आणि जलवाहिन्या टाकणे महाग.

औदुंबर

म्हणजे माझ्या आप्ताने गोळ्या घेण्यापूर्वी नगररचनाकाराचा सल्ला घ्यावा काय?

पेट्रीबशी

कुंपणावरचा यांच्या मुद्द्यातील अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. वापर आणि प्रसार ही दोन वेगळ्या पायऱ्यांवरची कारणे आहेत. वापरामुळे प्रतिरोधकांची निवड होते आणि अस्वच्छतेमुळे ते पसरतात. जिथे प्रसार प्रचंड असतो तिथे वापरातील चढउतार आकडेवारीत बुडून जातात, परंतु त्यामुळे वापराचा परिणाम शून्य होत नाही. आकडेमोड यांनी सांगितलेला बेल्जियन प्रयोग व्यक्तीच्या घशातला आहे. त्याला कारभाराचा दर्जा लागू होत नाही. शिवाय शुद्ध पाण्यामुळे अतिसार कमी होतो आणि अतिसार कमी झाला की त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांची संख्याही घटते. तेव्हा जलवाहिनीचा लाभ दोन्ही पायऱ्यांवर होतो. पाणी की गोळ्या, अशी निवड करण्याची वेळच येत नाही.

सावकाश

वाटसरूंचा दुसरा प्रश्न, वापर निम्मा केला तर प्रतिरोध निम्मा होईल का, हा सगळ्यांच्या प्रतिसादांतून निसटला आहे. मला तोच सर्वांत रोचक वाटतो, कारण त्याची उत्तरे परस्परविरोधी आहेत.

आशादायक उदाहरण फिनलंडचे आहे. तिथे १९९० च्या सुमारास गट-अ स्ट्रेप्टोकोकस एरिथ्रोमायसिनला दाद देईनासे झाले होते. देशव्यापी सूचना निघाल्या आणि त्या गटातील औषधांचा वापर एका वर्षात दर हजारी दररोज २.४० मात्रांवरून १.३८ पर्यंत खाली आला. १९९२ मध्ये १६.५ टक्के असलेला प्रतिरोध १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आला. वापर चाळीस टक्क्यांहून थोडा अधिक घटला, प्रतिरोध जवळपास निम्म्याने; वाटसरूंचे गणित बरेचसे जुळले.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सल्फोनामाइड गटातील औषधे लिहून देण्याचे प्रमाण ९७ टक्क्यांनी घटले. लंडनमधील संशोधकांनी ई. कोलायचे नमुने तपासले, तर १९९१ मध्ये ३९.७ टक्के असलेला प्रतिरोध १९९९ मध्ये ४६ टक्के झाला होता. औषध जवळजवळ नाहीसे झाले आणि प्रतिरोध कमी होण्याऐवजी किंचित वाढला! स्वीडनमधील क्रोनोबेरी प्रांतात ट्रायमेथोप्रिमचा वापर दोन वर्षे ८५ टक्क्यांनी कमी ठेवला गेला, तरी ई. कोलायमधील प्रतिरोधात नगण्यच फरक पडला.

हा फरक का पडतो? प्रतिरोध बाळगणे जिवाणूला फुकट पडत नाही. अनेकदा त्याची वाढ थोडी मंदावते, म्हणून औषध नाहीसे झाल्यावर संवेदनशील जिवाणूंनी बाजी मारावी अशी अपेक्षा असते. पण पुढच्या पिढ्यांमध्ये असे काही बदल होतात की प्रतिरोध शाबूत राहून ती किंमत भरून निघते. त्यातच सल्फोनामाइडचे प्रतिरोधक जनुक अशा प्लाझ्मिडवर बसलेले असते की जिथे इतर औषधांची प्रतिरोधक जनुकेही शेजारी असतात. त्यामुळे एक औषध बंद केले, तरी दुसऱ्या औषधाचा वापर त्या संपूर्ण संचाला जिवंत ठेवतो. मला स्वतःला यावरून असे वाटते की वापर कमी करण्याचे खरे समर्थन ‘प्रतिरोध मागे फिरेल’ हे नसून ‘नवा प्रतिरोध उशिरा येईल’ हे आहे. ते कमी आकर्षक आहे हे मान्य.

निवृत्त_पशुवैद्य

सावकाश यांनी जो शेजारी जनुकांचा मुद्दा मांडला, त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण माझ्या क्षेत्रातले आहे. पशुखाद्यात वाढ वेगाने व्हावी म्हणून ॲव्होपार्सिन मिसळले जात असे. ते माणसांत वापरल्या जाणाऱ्या व्हँकोमायसिनचे भावंड. डेन्मार्कने १९९५ मध्ये त्यावर बंदी घातली. कोंबड्यांमधील एन्टेरोकोकस या आतड्यातल्या जिवाणूचा प्रतिरोध १९९५ मधील ७२.७ टक्क्यांवरून २००० पर्यंत ५.८ टक्क्यांवर आला. डुकरांमध्ये मात्र तो जागचा हलेना. कारण शोधल्यावर कळले की डुकरांना टायलोसिन नावाचे वेगळेच औषध दिले जात होते आणि दोन्ही औषधांची प्रतिरोधक जनुके एकाच प्लाझ्मिडवर होती. १९९८ मध्ये टायलोसिनचा असा वापर थांबला, त्यानंतर डुकरांमधला प्रतिरोधही उतरला.

जनावरांतून माणसांकडे काही येते का, ही शंका इथे कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो. स्टुअर्ट लेव्ही या अमेरिकी संशोधकाने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका शेतावर टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे खाद्य कोंबड्यांना दिले. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई. कोलाय प्रतिरोधक झाले, आणि पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या मलातही प्रतिरोधक जिवाणूंचे प्रमाण शेजाऱ्यांच्या तुलनेत बरेच वाढलेले होते. त्या माणसांनी टेट्रासायक्लिन घेतलेले नव्हते. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके खाऊ घालण्यावर १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण बंदी आणली. तरीही २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिन या अखेरच्या फळीतील औषधाला निष्प्रभ करणारे, प्लाझ्मिडवरून फिरणारे जनुक जाहीर केले. तिथे कोलिस्टिन पशुखाद्यात वापरले जात होते. या धाग्यावर फक्त गोळ्या गिळणाऱ्या माणसांचीच चर्चा चालू होती, म्हणून राहवले नाही.

दवबिंदू

सगळे प्रतिसाद वाचले. माझा समज असा होता की खरा गुन्हा अर्धवट सोडलेल्या कोर्सचा आहे. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून लोक गोळ्या थांबवतात आणि अर्धमेले जिवाणू बलवान होऊन परततात. हा मुद्दा अद्याप कोणीच मांडला नाही, याचे आश्चर्य वाटले.

खलबत्ता

औषधनिर्माण क्षेत्रात असल्यामुळे हा प्रश्न मला रोज विचारला जातो, आणि त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत बरेच बदलले आहे. या समजुतीचे मूळ खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्यात सापडते. डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानात त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच्या मनाने पेनिसिलिन घेतो, पण स्ट्रेप्टोकोकस मारण्याइतके नाही, केवळ त्यांना तरबेज करण्याइतके. पुढे त्याच्या पत्नीला त्याच्यापासून संसर्ग होतो, न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. वाटसरूंनी विचारलेला प्रश्न, म्हणजे एकाच्या गोळ्यांनी दुसऱ्याचे नुकसान कसे होते, तो फ्लेमिंग यांनी ऐंशी वर्षांपूर्वीच मांडून ठेवला होता.

गंमत अशी की त्यांनी निवडलेले उदाहरण नेमके चुकीचे ठरले. घसा धरणाऱ्या गट-अ स्ट्रेप्टोकोकसवर पेनिसिलिन आजही चालते. इतक्या दशकांच्या वापरानंतरही त्यात पेनिसिलिनचा खराखुरा प्रतिरोध स्थिरावलेला नाही. स्टॅफिलोकोकसने मात्र पेनिसिलिनला लवकरच हुलकावणी दिली, आणि मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आल्यावर त्यालाही दाद न देणारे प्रकार १९६१ मध्ये नोंदवले गेले. म्हणजे वापर आणि प्रतिरोध यांचे नाते प्रत्येक जिवाणूच्या बाबतीत सारख्या वेगाने चालत नाही.

आता कोर्सबद्दल. अपुरी मात्रा आणि अपुरे दिवस या निराळ्या गोष्टी आहेत. पेट्रीबशी यांनी सांगितलेली आतड्यातली निवड गोळी सुरू असेपर्यंत चालूच राहते. जितके दिवस जास्त, तितकी ती अधिक. म्हणूनच २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका लेखाने कोर्स पूर्ण करण्याच्या सरसकट सल्ल्यालाच आव्हान दिले. न्यूमोनियासारख्या अनेक संसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे उपचार तितकेच परिणामकारक ठरत असल्याचे चाचण्यांतून दिसले आहे. क्षयरोग हा मोठा अपवाद. तिथे जिवाणू सावकाश वाढतात, शरीरात दीर्घकाळ दबा धरून बसतात आणि एकेका औषधाविरुद्ध आपोआप उत्परिवर्तित होतात, म्हणून अनेक औषधे एकत्र आणि महिनोन्‌महिने द्यावी लागतात. तिथे मध्येच थांबणे खरोखरच घातक आहे. पण यावरून कोणीही स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवू नयेत. दिवस किती हे ठरवण्याचे काम औषध लिहून देणाऱ्याचे आहे. बरे वाटत असल्यास त्यांना विचारावे, एवढेच.

एक गोष्ट मात्र मला खऱ्या अर्थाने चिंताजनक वाटते, ती म्हणजे उरलेल्या गोळ्या. त्या पुढच्या दुखण्याला, पुष्कळदा विषाणूजन्य सर्दीला आणि पुष्कळदा घरातल्या भलत्याच माणसाला दिल्या जातात. लहान मुलांचे पाण्यात कालवलेले अमॉक्सिसिलिन फ्रिजमध्ये ठेवूनही चौदा दिवसांच्या आसपास निकामी होते, हे बाटलीवर लिहिलेले असूनही महिन्याभराने त्यातलेच दोन चमचे पाजल्याच्या कथा मी ऐकतो. निम्म्या ताकदीचे औषध, चुकीच्या रोगावर, अंदाजाने घेतलेले. फ्लेमिंग यांचा गृहस्थ असा अजून घरोघरी आहे.

दवबिंदू

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आमच्या घरात ती बाटली आहे. होती, असे म्हणते.

आकडेमोड

विषाणूजन्य सर्दीचा उल्लेख झालाच आहे, तर लसींबद्दल कोणी लिहिले नाही याकडे लक्ष वेधतो. अमेरिकेत २००० मध्ये बालकांना न्यूमोकोकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूवरची लस देणे सुरू झाले. १९९९ ते २००४ या काळात पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या न्यूमोकोकसमुळे होणाऱ्या गंभीर आजारांचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले, आणि ज्यांना लस दिलेलीच नव्हती अशा वृद्धांमध्येही घट झाली. मुलांच्या नाका-घशातून जिवाणूच हद्दपार झाले, तर आजी-आजोबांपर्यंत काय पोहोचणार? पुढे लसीत नसलेल्या १९-ए या प्रकाराने रिकामी जागा पटकावली आणि २०१० मध्ये अधिक प्रकारांची लस आणावी लागली, हेही सांगायला हवे. कुंपणावरचा यांच्या ‘प्रसार रोखा’ या मताला यातून बळकटीच मिळते, त्यामुळे त्यांनी एकदाचे कुंपणावरून खाली उतरावे.

कुंपणावरचा

इथून दृश्य चांगले दिसते.

मृद्गंध

पेट्रीबशी, एक बाळबोध शंका. अहवालात औषधांपुढे ‘एस’ आणि ‘आर’ अशी अक्षरे असतात, ती ठरतात कशी? जिवाणूला कोणते औषध चालते हे तुम्हाला बशीत पाहून कळते का?

पेट्रीबशी

शब्दशः पाहून कळते. जिवाणूंचे ठरावीक घनतेचे द्रावण करून कापसाच्या बोळ्याने ते बशीतल्या आगारवर, म्हणजे जेलीसारख्या पोषक थरावर, तीन दिशांनी एकसारखे सारवायचे. त्यावर औषध शोषलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. एका टिकलीचा व्यास जेमतेम सहा मिलिमीटर. रात्रभर, म्हणजे सोळा ते अठरा तास, ती बशी पस्तीस अंश सेल्सिअसला ठेवली की सकाळी जिवाणूंची दुधट साय सगळीकडे पसरलेली असते आणि जिथे औषध चालते तिथे टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ पडलेले असते. ते मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडायचे आणि त्यावरून ‘एस’ (औषध चालते) की ‘आर’ (प्रतिरोधक) हे ठरवायचे.

मला यातले सर्वांत विलक्षण दृश्य स्टॅफिलोकोकसच्या बशीत दिसते. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन यांच्या टिकल्या शेजारी ठेवल्या की कधी कधी क्लिंडामायसिनभोवतीचे वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूला सपाट होते आणि इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसते. म्हणजे एकट्या क्लिंडामायसिनपुढे तो जिवाणू शरण गेल्याचे भासते, पण शेजारच्या औषधाची चाहूल लागताच तो दोघांविरुद्धची ढाल उचलतो. टिकल्या एकमेकींपासून लांब ठेवून वर्तुळ मोजले असते तर ‘एस’ लिहून मोकळे झालो असतो, आणि रुग्णावर उपचार फसले असते. वरती सावकाश आणि निवृत्त पशुवैद्य यांनी एका औषधाच्या वापराने दुसऱ्याचा प्रतिरोध टिकतो असे लिहिले. तिथे दोन जनुके शेजारी होती. इथे एकच जनुक दोन्ही औषधांना पुरून उरते.

वाटसरू

माझ्या पहिल्या मतापैकी अतिदक्षता विभागाचा भाग आकडेमोड यांच्या उत्तरानंतर मी मागे घेतो. खापर फोडण्याबद्दलचा भाग कुंपणावरचा यांच्या भरवशावर राखून ठेवतो. आता व्यावहारिक प्रश्न. पुढच्या वेळी घसा दुखला आणि डॉक्टरांसमोर बसलो, तर उद्धटपणा न करता नेमके काय विचारावे?

नाडीपरीक्षा

दवाखाना चालवतो, म्हणून टेबलाच्या या बाजूने उत्तर देतो. ‘हे विषाणूजन्य असण्याची शक्यता किती?’ हा प्रश्न मला कधीच उद्धट वाटलेला नाही. बहुतेक घसेदुखी विषाणूजन्य असते. शंका असेल तर घशाचा नमुना घेऊन काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या चाचण्या आहेत. ‘दोन-तीन दिवस थांबून पाहिले तर चालेल का, आणि कोणती लक्षणे दिसल्यास लगेच परत यावे?’ हा दुसरा उपयुक्त प्रश्न. खरे सांगायचे तर अनेकदा रुग्णाला औषध हवे आहे असे डॉक्टर गृहीत धरतो आणि डॉक्टर देत आहे म्हणजे ते हवेच असे रुग्ण गृहीत धरतो. हा प्रश्न विचारला की दोघांचीही सुटका होते.

औषध द्यायचेच ठरले तर ते शक्य तितके मर्यादित व्याप्तीचे, म्हणजे मोजक्याच जिवाणूंवर चालणारे, आहे का, हे विचारता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखीव. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात येते, ॲझिथ्रोमायसिन दुसऱ्या. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत असे उद्दिष्ट ठरले की २०३० पर्यंत जगभरात माणसांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के पहिल्या गटातील असावीत. घशाच्या स्ट्रेप्टोकोकसला पेनिसिलिन आजही चालते, हे खलबत्ता यांनी लिहिलेच आहे. तरी दुसऱ्या गटातील औषधे सर्रास लिहिली जातात.

त्याचे एक कारण फारसे बोलले जात नाही, ते म्हणजे पेनिसिलिनच्या ॲलर्जीची जुनी नोंद. लहानपणी पुरळ उठले, कोणीतरी कागदावर तसे लिहिले, आणि जन्मभर त्या माणसाला व्यापक व्याप्तीची औषधे मिळत राहिली. अशी नोंद असलेल्यांची रीतसर तपासणी केली तर दहापैकी नऊ जणांना ॲलर्जी नसल्याचे आढळते.

दवबिंदू

माझ्या कागदांवर हीच नोंद आहे आणि तिचे कारण घरात कोणालाच आठवत नाही. एखादी गोळी घेऊन पाहिली तर कळेल का?

नाडीपरीक्षा

घरी अजिबात नाही. पूर्वीची प्रतिक्रिया श्वास कोंडणे, चेहरा सुजणे किंवा त्वचा सोलवटणे अशी असेल तर मुळीच नाही. जे आठवते ते लिहून काढा: वय काय होते, गोळी घेतल्यावर किती वेळाने काय झाले, रुग्णालयात ठेवावे लागले का, नंतर कधी अमॉक्सिसिलिन घेतले का. तो कागद घेऊन ॲलर्जीतज्ज्ञांकडे जा. धोका कमी वाटल्यास ते आपल्या देखरेखीखाली मात्रा देऊन तासभर निरीक्षणाखाली ठेवतात, आणि काही झाले नाही तर ती नोंद खोडतात. ती तुमच्या सर्व कागदांवरून खोडली गेली आहे ना, हे मात्र तुम्हालाच पाहावे लागेल.

दवबिंदू

आईला दूरध्वनी करून विचारले. तिच्या मते पुरळ माझ्या नव्हे, माझ्या बहिणीच्या अंगावर उठले होते. दोघींचेही कागद घेऊन जाते.